माथेरानला पाठवलेला गूळ

चंद्राबाईनं चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पाठीमागं एकच मोठं काम केलं, आणि तेही कसलं, तर घोडीचे दात काढायचं. बाकीच्या बायका पाठीमागं भिशी लावतात, माहेरी साडी पाठवतात, फार तर डाळीच्या डब्यात चार नोटा दडवतात. हिनं डॉक्टर बोलावली, घोडीचं डोकं खांद्यावर घेतलं आणि काढलेले दोन दात पदराच्या गाठीला बांधले.

आता कुणाला वाटेल, दोन दातांचं एवढं काय? पण नवरा कोण होता ते आधी ऐका. केरू म्हणजे शेणवे गावचा घोडेवाला. त्याच्या बापाचा टांगा आसनगाव स्टेशनापासून शहापुरापर्यंत चालायचा. रिक्षा आल्या, टांगा गेला, घोडा राहिला. केरूनं तो वरातीला लावला, आणि तेव्हापासून शहापूर-मुरबाडकडच्या निम्म्या नवरदेवांनी केरूच्या घोडीवर बसून घाम पुसलाय. पण त्याचं खरं नाव वरातीचं नव्हे, दातांचं. म्हसा गावच्या जत्रेत बैलाचं वय ठरवायला केरूला हाक मारतात. त्यानं जबडा उघडून ‘दुदाती’ किंवा ‘चौदाती’ म्हटलं की घेणारा आणि विकणारा दोघंही गप्प. तरुणपणी त्यानं एका व्यापाऱ्याची भर बाजारात अब्रू काढली होती. त्या माणसानं गोऱ्ह्याचे दुधाचे दात पाडून त्याला मोठा म्हणून विकायला आणलं होतं. केरू हा बौद्धवाडीतला माणूस, जत्रेत देवळाकडं पाठ करून बसणारा, पण मान पुजाऱ्याच्या खालोखाल आपलाच, असं तो सांगायचा. दुसरं कुणी सांगितलेलं ऐकिवात नाही.

घरची जुनी घोडी सोनी आणि तिची तीन वर्षांची पोर गुंज. अंग लालभडक, आयाळ आणि शेपूट काळीभोर, म्हणून चंद्राबाईनं रानातल्या गुंजेचं नाव तिला दिलं होतं. सोनीला दूध पुरेना तेव्हा बाटली चंद्राबाईनंच धरली. रोज सकाळी ती गुंजेच्या तोंडात बोट घालून गुळाचा खडा जिभेवर ठेवायची आणि घोडी डोळे मिटून चघळायची. त्या तोंडात हात घालायची मुभा वाडीत दोघांनाच होती, केरूला आणि चंद्राबाईला.

पण लगाम दिसला की हीच गुंज अंगात आल्यासारखी करायची. मान झटकायची, मागच्या पायांवर उभी राहायची, एकदा तर केरूला गवताच्या भाऱ्यावर उताणं पाडलं तिनं.

“खोड हाय,” केरू अंग झटकत म्हणाला. “भावावर गेलीय. लग्नसराईच्या आत लगाम नाय घेतला तर हिला ठेवायची नाय. एकदा हसं झालं तेवढं बास.”

भाऊ म्हणजे काजवा. काळाकुट्ट, कपाळावर तेवढा पांढरा ठिपका. बारा वर्षांमागं किन्हवलीच्या एका लग्नात त्यानं नवरदेवाला फेट्यासकट खाली टाकलं होतं. नवरदेवाला खरचटलं, केरूच्या अब्रूची मात्र चामडी सोलून निघाली. महिन्याभरानं चंद्राबाई आजारी आईपाशी खर्डीला गेली, आणि आठ दिवसांनी परत आली तर गोठ्यात काजव्याचा खुंटा रिकामा. केरू म्हणाला, माथेरानच्या घोडेवाल्याला दिला. तिथं मोटार नाय, हॉर्न नाय, डीजे नाय. लाल मातीच्या वाटा, थंड हवा, वर बसायला शहरातली पोरं. आपल्या बुजऱ्या जनावराला यापरीस बरी जागा कुठं मिळाली असती? चंद्राबाई दोन दिवस जेवली नाही, मग तिला ते पटलं. पुढच्या वर्षी पोरीची, संघरत्नाची, शाळेची सहल माथेरानला निघाली तेव्हा तिनं कागदात गुळाचा मोठा खडा बांधून दिला. पोरीनं परत येऊन सांगितलं, दिला गं आई, कपाळावर ठिपका होता, माझा हात चाटला त्यानं. त्या दिवसापासून चंद्राबाई निर्धास्त झाली. दर उन्हाळ्यात ती म्हणायची, एकदा जाऊ माथेरानला. केरू म्हणायचा, पुढच्या वर्षी.

तर अशी सगळी तऱ्हा. काजव्यावर माया करून तो गेला, आता गुंजही जाणार, या विचारानं चंद्राबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डिसेंबरात जनावरांच्या लसीचं शिबिर लागलं तेव्हा ती गुंजेला घेऊन गेली. डॉक्टर वर्षा नावाची तरुण पोरगी होती, केस करकचून बांधलेले, हातात मनगटापर्यंत मोजे. चंद्राबाईनं लगामाची रड सांगितली. वर्षानं गुंजेच्या ओठाच्या कोपऱ्यातून बोट आत सरकवलं. वरच्या दाढांच्या जरा पुढं बोट टेकताच गुंजेनं मान मागं ओढली.

“मावशी, हे बघा. दाढेच्या पुढं दोन्ही बाजूंना एकेक छोटा दात आहे. याचा चावायला काही उपयोग नाही. इंग्रजीत याला लांडग्याचा दात म्हणतात.”

“लांडगा? माझ्या पोरीच्या तोंडात?” चंद्राबाईला हसूच आलं.

“नाव आहे नुसतं. पण लगाम ओढला की इथं लागतो आणि कळ मेंदूपर्यंत जाते. दात काढून टाकला की प्रश्न मिटेल. भूल देऊन काढायचा, दहा-पंधरा मिनिटांचं काम.”

चंद्राबाई हरखून घरी आली आणि केरूला सांगितलं. केरूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“सुळे घोड्याला असतात, घोडीला नाय! त्या पोरीला घोडा का घोडी ते तरी कळतंय का?”

“सुळे नाय वो. त्याच्या मागं, दाढेपाशी. मी बोट लावून बघितलं.”

“चाळीस वरसं जबडे उघडतोय मी. मला शिकवतेस? आन दात काढायचा? केरूच्या जनावराचा दात पाडलेला हाय असं म्हशात कळलं तर त्वांड कुठं दाखवू? ज्याला मी पकडला त्याच्यात आन माझ्यात फरक काय ऱ्हाईल?”

खरं घोडं इथं पेंड खात होतं. गुंजेचं दुखणं लांबच राहिलं, याला स्वतःच्या नावाची पडली होती. चंद्राबाई गप्प बसली. पण ती गप्प बसली की ऐकलं असं समजणारा नवरा चाळीस वर्षांत काहीच शिकला नाही म्हणायचा.

जानेवारीत केरू जत्रेला निघाला. चार दिवस म्हशात राहीन म्हणाला. तो गेला त्याच दुपारी चंद्राबाईनं वर्षाला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटीवरून पेटी घेऊन आली.

मानेत सुई टोचल्यावर थोड्या वेळात गुंजेचे डोळे अर्धे मिटले, खालचा ओठ लोंबला. तिचं सगळं डोकं चंद्राबाईच्या खांद्यावर आलं, भाताच्या गोणीसारखं जड. वर्षानं हिरडीत दुसरी बारीक सुई दिली, मग एक पातळ अवजार घालून दात चहूकडून सुटा केला. करकर असा आवाज झाला. चंद्राबाईनं डोळे मिटून घेतले आणि घोडीच्या कानात बोलत राहिली, झालं गं, झालं बाय माझी. मनात मात्र तिला लाज वाटत होती, कारण ज्या हातानं रोज गूळ दिला त्याच हातानं तिनं गुंजेला धरून ठेवलं होतं.

दोन्ही दात वर्षानं तिच्या तळहातावर ठेवले. मक्याच्या दाण्याएवढे, खाली बारीक मूळ.

“एवढ्याशा दातानं?”

“एवढ्याशानंच. जनावर डोकं झटकतं, उभं राहतं, आणि लोक म्हणतात खोड आहे. मावशी, लगामाला घाबरणारा घोडा दिसला की आधी तोंड बघावं. काठी नंतर.”

चंद्राबाई दातांकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, “काजव्याला पन असतील का हो?”

“काजवा कोण?”

“हिचा भाऊ. तो पन असाच करायचा. माथेरानला असतो आता. म्हातारा झाला असेल, पन अजून तोंडात लगाम असेलच ना.”

“मग तिथं कुणाला तरी तपासायला सांगा ना. मी चिठ्ठी देते. तिथल्या डॉक्टरांना दाखवा.”

आणि काजव्याच्या खुणा विचारून तिनं खरंच चिठ्ठी लिहिली. चंद्राबाईनं ती घडी करून दातांबरोबर पदराच्या गाठीत बांधली. केरू आला की आधी दात दाखवायचे, शिव्या खायच्या, मग चिठ्ठी काढायची आणि म्हणायचं, या वर्षी माथेरानला जायचंच. बारा वर्षं तो बिचारा दुखणं तोंडात घेऊन माणसं वाहतोय. तिनं मनातल्या मनात सगळं ठरवून टाकलं होतं, कुठली साडी नेसायची तेसुद्धा.

वर्षा सांगून गेली, पंधरा दिवस लगाम नको, दोन दिवस मऊ खाणं. गुंज तिसऱ्या दिवशी नीट खायला लागली, पण चंद्राबाईचा हात जवळ आला की तोंड फिरवायची. गुळाचा खडा नाकाशी धरला तरी फिरवायची. दुखतंय म्हणून चोरतेय तोंड, राग नाय धरलान, असं चंद्राबाई स्वतःला समजावत होती आणि तिचं तिलाच पटत नव्हतं.

चौथ्या दिवशी दुपारी अंगणात टेम्पो थांबला. केरू उतरला, आणि त्याच्या मागून गळ्यात मफलर गुंडाळलेला एक आडवातिडवा माणूस. मुरबाडकडचा शाम व्यापारी. टेम्पोच्या हौद्यात पेंढा अंथरला होता आणि दोर तयार ठेवला होता.

चंद्राबाईला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. चार दिवस जत्रेला म्हणून गेलेला नवरा घोडीला गिऱ्हाईक शोधून आला होता, आणि तेही आजच न्यायला. आता बोलावं का नंतर, याच्या विचारात ती ओट्यावर उभी राहिली. तेवढ्यात केरू गुंजेला सोडून चिंचेखाली घेऊनही आला. वाडीतली चार माणसं जमली.

“बघ शामशेठ. तीन वरसं, एक दिस जास्त नाय. घाल हात. केरूचं जनावर हाय.”

शामनं बाही वर सारली. केरूनं गुंजेचं डोकं घट्ट धरलं. शामनं पुढचे दात बघितले, मान हलवली, मग अंगठा ओठाच्या कोपऱ्यातून मागं नेला. गुंज ताडकन मागं सरली. शामचा अंगठा बाहेर आला तो लाल.

शामनं अंगठा केरूच्या डोळ्यांपुढं धरला.

“दात पाडलंस, केरूदादा?”

“काय बोलतोस?”

“ताजी जखम हाय. दोनी अंगाला. काय वय हाय हिचं खरं? म्हशात लोकांना दात शिकवतोस आन घरी पाडतोस?”

केरूनं स्वतः बोट घातलं. चंद्राबाईनं त्याचा चेहरा पाहिला आणि तिला त्याची दया आली. जन्मात पहिल्यांदाच त्याच्या बोटाला जे लागलं ते त्याला वाचता येत नव्हतं.

ती ओट्यावरून खाली उतरली. “मी काढलं. डॉक्टर बोलवून काढलं. ते टोचत व्हतं तिला म्हणून लगाम घेत नव्हती. वय खरं हाय, पुढचे दात बघा ना तुमी.”

शाम हसला. “वा! बायकोला पुढं घातलं काय? तुझं जनावर एकदा घेतलं ना मी, दादा. ते काळं. गरीब हाय बोललास, आन इटांच्या भट्टीवर गाडीला जुंपलं तर रोज उभं ऱ्हायचं. मार खाऊन खाऊन दुसऱ्या पावसाळ्याच्या आत मेलं. तवा मी त्वांड नाय उघडलं. आता उघडनार.”

चंद्राबाई म्हणाली, “कुठलं काळं?”

“तुमचंच. कपाळावर ठिपका असलेलं.”

“तो माथेरानला हाय.”

शामनं तिच्याकडं पाहिलं, मग केरूकडं, आणि त्याच्या लक्षात आलं. व्यापारी झाला तरी माणूसच तो. “माफ करा वयनी,” एवढंच पुटपुटला आणि टेम्पोत जाऊन बसला. पेंढा अंथरलेला टेम्पो रिकामाच मुरबाडच्या रस्त्याला लागला. केरूची घोडी आता त्या बाजूला कुणी फुकटही घेणार नव्हतं, म्हणजे गुंज वाचली होती. ज्यासाठी चंद्राबाईनं सगळा उपद्व्याप केला ते झालं होतं, आणि तिला त्याचा आनंद शोधूनही सापडत नव्हता.

माणसं पांगल्यावर केरूनं तोंड सोडलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझं नाव मातीत घातलंस. चाळीस वरसांची बायको पाठीमागं असं करते. उद्या म्हशात पोरंटोरं हसतील. तो बोलत होता आणि चंद्राबाई चिंचेच्या बुंध्याला हात लावून उभी होती. तो दमल्यावर तिनं विचारलं,

“माथेरानचं खोटं का सांगलंत?”

केरू पायाखालची माती अंगठ्यानं उकरत राहिला.

“तू रडली असतीस,” तो म्हणाला.

“मग रडू द्यायचं व्हतं.”

“मोटार नाय, हॉर्न नाय... मला वाटलं, तुला बरं वाटंल.”

“वाटलं ना बरं. बारा वरसं वाटत व्हतं. त्यो मरून पडला व्हता आन मी दर उन्हाळ्यात लुगडं काढून ठेवत व्हती.”

चंद्राबाई घरात गेली. राग होताच, पण त्याहून मोठं एक कुसळ आत सलत होतं. नवऱ्यानं फसवलं हे एक वेळ समजलं असतं, नवरे फसवतातच. पण काजव्यानं हात चाटला हे केरूनं नव्हतं सांगितलं. तिनं बदलापूरला फोन लावला. संघरत्ना तिथं दवाखान्यात नर्स होती, दुपारची सुट्टी चालू होती.

“संघा, तू माथेरानला गेली व्हतीस. गूळ दिला व्हता मी. कुणाला खायला घातलास?”

पलीकडं डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

“बोल गो.”

“आई, कोणी सांगितलं तुला?”

“मी इचारते ते सांग.”

“बाबांनी आदल्या दिवशी गोठ्यात बोलावून सांगितलं होतं. आईला असं असं सांग, नायतर ती जेवणार नाय. मी चौदा वर्षांची होते गं.”

“आन गूळ?”

संघरत्ना रडायला लागली होती. “आमीच खाल्ला, आई. मैत्रिणींनी आन मी. बसमध्ये.”

चंद्राबाईनं फोन ठेवला. पोर बदलापूरला जाईपर्यंत घरात तीन माणसं जेवायला बसत होती आणि त्यातल्या दोघांना माहीत होतं. ती काजव्याचं नाव काढायची तेव्हा ते दोघं ताटात बघत असतील, आणि तिला ते एकदाही दिसलं नव्हतं. आपण एवढ्या आंधळ्या कशा, याचाच तिला जास्त संताप आला. तीन दिवस आपण घोडीला फसवलं म्हणून स्वतःचाच जीव खाल्ला होता तिनं, आणि इथं तिला कुणी वाटाण्याएवढं खरं सांगितलं नव्हतं.

तिनं डब्यातून गुळाचा खडा घेतला आणि गोठ्यात गेली. गुंज भिंतीकडं तोंड करून उभी होती. चंद्राबाई हात पुढं करून उभी राहिली. हात दुखायला लागला तरी तसाच ठेवला. मग गुंजेनं मान वळवली, हात हुंगला, आणि ओठांनी हळूच खडा उचलला. तेव्हा कुठं चंद्राबाईला रडू फुटलं. ती मोठ्यानं रडली, बारा वर्षांचं राहिलेलं.

केरू दाराशी येऊन उभा होता. आत यायची त्याला छाती झाली नाही. रडणं थांबल्यावर त्यानं घसा साफ केला.

“चंद्रे, तिला... लगाम कवा लावायचा?”

“पंधरा दिवसांनी.”

“ते दात कुठं हायत?”

चंद्राबाईनं पदराची गाठ सोडली. दोन दात त्याच्या तळहातावर ठेवले आणि वर चिठ्ठीही ठेवली. केरूनं आधी दात उजेडात धरले, उलटेसुलटे केले, मुळावरून नख फिरवलं. मग चिठ्ठी उघडली. त्याला वाचायला वेळ लागायचा, ओठ हलवत तो एकेक शब्द वाचायचा.

‘नर घोडा, काळा, कपाळावर पांढरा ठिपका, नाव काजवा. मुक्काम माथेरान. लगाम लावताना डोकं झटकतो. वरच्या दाढांच्या पुढचे छोटे दात तपासावेत, असल्यास काढावेत.’

केरूनं ती दोनदा वाचली. दातांवरची त्याची मूठ आवळली आणि तो उंबऱ्यातच खाली बसला.

“मी बघितलंच नाय,” तो म्हणाला. “त्याचं त्वांड मी मागपर्यंत कधी बघितलंच नाय.”

चंद्राबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिनं दुसरा खडा फोडला आणि गुंजेच्या जिभेवर ठेवला.